गाडी किती देते?

कोणी नवी मोटार किंवा दुचाकी घेतली की पेढा तोंडात पडण्यापूर्वीच त्याला विचारला जाणारा प्रश्न महाराष्ट्रात ठरून गेलेला आहे: गाडी किती देते? रंग, बैठक, दिवे यांची विचारपूस मागाहून होते; आधी लिटरला किती किलोमीटर पडतात ते समजले पाहिजे. या हिशेबीपणाला नावे ठेवणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. ज्या घरात एकाच पगारातून मुलांची फी, घराचा हप्ता आणि पेट्रोल ही तिन्ही भागवायची असतात, त्या घरात लिटरमागे दोन किलोमीटर कमी की जास्त हा शोकाचा विषय नसला तरी विचाराचा विषय निश्चित असतो. आम्हाला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. हा प्रश्न इतक्या आवर्जून विचारणारे आपण लोक त्याचे उत्तर मात्र क्वचितच मोजतो. ‘हमरस्त्याला अठरा, गावात चौदा’ असे ठोकून दिले जाते. हा आकडा विक्रेत्याने सांगितलेला असतो, डॅशबोर्डवर एकदा झळकलेला असतो, किंवा मेहुण्याच्या तशाच गाडीवरून उसना घेतलेला असतो. गंमत अशी की आपण या आकड्याला ‘ॲव्हरेज’ म्हणतो, आणि सरासरी काढण्याचे कष्ट तेवढे टाळतो.

एरवी ही गोष्ट हसून सोडून देता आली असती. परंतु २०२५ च्या पावसाळ्यात या न मोजण्याची किंमत साऱ्या देशाच्या ध्यानात आली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० सालासाठी ठेवले होते; सरकारने ते पाच वर्षे आधीच गाठले. २०१४ मध्ये हे मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते, जून २०२२ मध्ये १० टक्के झाले, आणि २०२५ मध्ये २० टक्के. पंपावर आलेल्या माणसाला यापेक्षा निराळे काही मागण्याची सोय फारशी उरली नाही. मग ओरड सुरू झाली की गाडी पूर्वीइतकी देत नाही. कोणी घट दहा टक्के सांगितली, कोणी वीस, कोणी त्याहूनही अधिक. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तर दिले की, दहा टक्के मिश्रणासाठी रचलेल्या आणि वीस टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकी गाड्यांत घट १ ते २ टक्के, आणि इतर गाड्यांत सुमारे ३ ते ६ टक्के येईल असा अंदाज आहे. कार्यक्षमता फार घटते हा प्रचार चुकीचा आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय उपलब्ध ठेवावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. न्यायालयापुरता प्रश्न निकालात निघाला. लोकांच्या मनातून तो निघालेला नाही, आणि निघण्याचे कारणही नाही. कारण या सबंध वादात दोन्ही बाजूंनी आवाज पुष्कळ झाला, पण रस्त्यावर मोजलेला, कोणालाही पडताळून पाहता येईल असा हिशेब कोणीच पुढे ठेवला नाही. मंत्रालयाचा शब्द ‘अंदाज’ आहे, आणि तक्रारदाराचा शब्द ‘मला वाटते’ असा आहे.

आमचा इथेनॉलला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्या राज्यात ऊस पिकवणाऱ्याची बिले साखरेच्या भावाबरोबर वर्षानुवर्षे अडकून पडत आली, त्या राज्यात कारखान्याच्या आसवनीला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले याचा आनंदच व्हावयास हवा. तेलासाठी परदेशी जाणारा पैसा काही प्रमाणात वाचतो, हेही खरे. परंतु उसाच्या शेतातून आलेल्या इंधनाने पदार्थविज्ञानाचे नियम बदलत नाहीत. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशाने कमी. शुद्ध पेट्रोलच्या जागी वीस टक्क्यांचे मिश्रण घातले तर लिटरमागे सुमारे ७ टक्के शक्ती कमी भरते. दहा टक्क्यांच्या मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? इथेनॉलचा ऑक्टेन अंक चढा असतो, आणि ज्या इंजिनाची रचनाच त्याचा फायदा घेण्यासाठी केलेली असते ते या तुटीचा काही भाग भरून काढते. पण रस्त्यावरच्या कोट्यवधी गाड्या त्यापूर्वीच्या आहेत. ज्याची गाडी जुनी आहे, त्याची तूट ही कल्पना नव्हे.

मात्र याच गणिताने दुसऱ्या बाजूचेही तोंड बंद होते. वीस-पंचवीस टक्के घट झाली असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्या गाडीतील ती सारी घट इथेनॉलच्या उष्णतेच्या हिशेबात बसत नाही. पावसाळ्यातील खड्डे, चाकातली उतरलेली हवा, तुंबलेला एअर फिल्टर, अडकून राहणारा ब्रेक, सिंहगड रस्त्यावर किंवा अंधेरीच्या उड्डाणपुलाखाली एकाच जागी धडधडत उभे राहिलेले इंजिन, यांपैकी काहीतरी त्यात असण्याचा संभव मोठा. मध्यमवर्गीय घराच्या दृष्टीने हा फरक शाब्दिक नाही. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणारी आणि लिटरला १५ देणारी मोटार धरा, पेट्रोल सोयीसाठी १०० रुपये लिटर धरा. घट पाच टक्के असेल तर महिन्याला सुमारे २८० रुपये जास्त जातात, वर्षाला तेहतीसशेच्या वर. घट पंधरा टक्के असेल तर महिन्याला सुमारे ९४० रुपये जातात. पहिल्या रकमेबद्दल सरकारला जाब विचारावा लागेल. दुसऱ्या रकमेसाठी बहुधा आधी गॅरेजवाल्याकडे जावे लागेल. कोणाकडे जायचे हे मोजल्याशिवाय कळणार कसे?

‘पण कंपनीने आकडा दिलेला असतो ना?’ असे कोणी विचारील. तो आकडा काय असतो हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात असे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरील, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. तेथे मोटार रस्त्यावर धावत नाही. ती रुळांवर चढवली जाते आणि जागच्या जागी धावते. चाचणीचे वेळापत्रक सेकंदासेकंदाने ठरलेले असते: इतका वेळ थांबा, इतक्या वेगाला जा, पुन्हा थांबा. सारा प्रकार सुमारे वीस मिनिटांत आटोपतो आणि वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. इंधन मापाने मोजत नाहीत. धुरातून बाहेर पडलेल्या कार्बनवरून ते किती जळाले याचा हिशेब मांडतात. ही रीत अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्या खोलीत ऊन नाही, चढ नाही, वारा नाही, मागच्या बाकावर तीन पाहुणे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या नाहीत. आणि आपल्या या चाचणीत आजवर एअर कंडिशनर बंद ठेवूनच गाडी धावत आली आहे. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी अशी सारखी अवस्था हवीच. वजनकाट्यावर पैलवान कपडे काढून उभे राहतात ते त्याचसाठी. पण त्या वजनावरून त्यांच्या बोचक्यासह बैलगाडीला किती ओझे होईल हे कोणी ठरवत नाही.

दोष चाचणीत नाही. तुलनेसाठी काढलेला आकडा वचन म्हणून विकण्यात आहे. जाहिरातीत तो हाताएवढ्या अक्षरांत छापायचा आणि ‘प्रमाणित अवस्थेत’ हे शब्द मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. केरळातील त्रिशूर येथील जिल्हा ग्राहक आयोगाने २०२२ च्या अखेरीस एका मोटारमालकाला सुमारे तीन लाख रुपयांची भरपाई देवविली, ती याच कारणासाठी. जाहिरातीत लिटरला ३२ किलोमीटर म्हटले होते, प्रत्यक्ष तपासणीत त्यापेक्षा सुमारे ४० टक्के कमी भरले. हा निकाल मिळाला तो त्या मालकाने गाडी तज्ज्ञाकडून रस्त्यावर तपासून घेण्याचा हट्ट धरल्यामुळे. नुसत्या कुरकुरीवर आयोगाने एक पैसाही दिला नसता.

आपल्याकडेच हे घडते असे मानून कोणी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही. युरोपात प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांतील अंतर २००१ मध्ये दहा टक्क्यांच्या आत होते. पुढील पंधरा वर्षांत ते चाळीस टक्क्यांच्या घरात गेले. गाड्या रस्त्यावर सुधारण्यापेक्षा परीक्षेत सुधारत गेल्या, एवढाच त्याचा अर्थ. अखेर सप्टेंबर २०१७ पासून तेथे नवी, अधिक कडक चाचणी आली. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना २०१२ मध्ये आपले जाहीर आकडे खाली आणावे लागले आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. जपानमध्ये मित्सुबिशी कंपनीने एप्रिल २०१६ मध्ये इंधनचाचणीची माहिती फिरवल्याची कबुली दिली. पण या देशांच्या लबाड्यांपेक्षा त्यांनी काढलेला उपाय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने लोकांना गाडी इतके देत नाही हे ओळखून १९८५ पासून प्रयोगशाळेचे आकडे शहरासाठी १० टक्क्यांनी आणि महामार्गासाठी २२ टक्क्यांनी कापूनच गाडीवर छापायला लावले, आणि २००८ च्या गाड्यांपासून जलद वेग, थंडी आणि एअर कंडिशनर यांचाही त्यात समावेश केला. युरोप तर आणखी पुढे गेला. २०२१ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीत जळलेल्या इंधनाची आणि कापलेल्या अंतराची आजन्म नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. सुमारे ६ लाख वाहनांची ही नोंद गोळा करून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केले की, नव्या चाचणीनंतरही पेट्रोल आणि डिझेल मोटारींचा रस्त्यावरचा खप प्रमाणपत्रापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त आहे. आणि ज्या प्लग-इन हायब्रीड मोटारींचा एवढा गाजावाजा झाला, त्यांचे प्रदूषण कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट आहे. सरकारने स्वतःच्याच प्रमाणपत्राचे हे खंडन केले आणि त्यामुळे तेथे आकाश कोसळले नाही.

आपल्या मोटारमालकाला हे सारे होईपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही. एक वही आणि पेन्सिल पुरे. टाकी भरताना नळी आपोआप बंद होते तेथे थांबावे. पंपावरच्या मुलाला ‘अजून थोडे’ म्हणून काठोकाठ भरायला लावू नये, त्याने मोजमापही बिघडते आणि पेट्रोलची वाफ शोषणारा डबाही. अंतरमापकाचा आकडा आणि लिटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच टाकी भरून मधले अंतर लिटरने भागावे. पंपाविषयी शंका असेल तर तेथे ठेवलेले ५ लिटरचे मुद्रांकित माप मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापलीकडचा नाही. डॅशबोर्डवरचा आकडा चुरचुरीत असतो, परंतु तो इंजिनात उडालेल्या फवाऱ्यांवरून केलेले अनुमान असते आणि पुष्कळदा मालकाचे मन राखणारे निघते. वहीतला आकडा मन राखत नाही.

सुशिक्षित माणसेही जेथे हमखास चुकतात ती जागा भागाकाराची नव्हे, सरासरीची. पुण्याहून निघालेल्या गाडीने जाताना १२० किलोमीटरला लिटरमागे २० दिले आणि येताना घाट चढून गर्दीत अडकत तेवढ्याच अंतराला १२ दिले, तर सरासरी १६ असे नऊजण सांगतील. जाताना ६ लिटर लागले, येताना १०. एकूण १६ लिटरांत २४० किलोमीटर, म्हणजे १५. लिटरला किलोमीटर ही आपली रीतच थोडी फसवी आहे. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असे विचारतात, आणि तो प्रश्न अधिक शहाणपणाचा आहे. लिटरला १० देणारी जुनी गाडी दुरुस्त करून साडेबारा देऊ लागली तर शंभर किलोमीटरमागे २ लिटर वाचतात. २० देणारी २५ देऊ लागली तर एकच लिटर वाचतो. आपण मात्र पाच किलोमीटर वाढले म्हणून दुसऱ्याचेच अभिनंदन करतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. एका टाकीच्या हिशेबावरून तीन टक्क्यांची घट ओळखता येत नाही. पंचवीस लिटर भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे झाला की दोन टक्के तेथेच गेले. पेट्रोलच्या तापमानात दर दहा अंशांमागे सुमारे एक टक्क्याचा फरक पडतो, तो निराळा. वर्षभराची वही अधिक खरे बोलते, कारण एका वेळी कमी भरलेले पुढच्या वेळी आपोआप भरून निघते आणि चूक तेवढी पहिल्या-शेवटच्या टाकीपुरती उरते. तरीही यंदाचा पाऊस गेल्या वर्षीसारखा नसतो, कचेरीचा रस्ता खणलेला असतो, मुलगा गाडी चालवायला शिकलेला असतो. इंधन बदलल्याचा परिणाम या साऱ्यांतून वेगळा काढायचा तर एक वही पुरत नाही. हजारो वह्या एकत्र कराव्या लागतात. ते काम एकट्या नागरिकाचे नाही. ज्याने इंधन बदलले त्याचे आहे.

नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने जून २०२१ च्या अहवालात हे मोकळेपणाने मान्य केले होते. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के घट येईल, असे तिने लिहिले; आणि या इंधनाची किंमत, त्यातील उष्णता कमी असल्यामुळे, नेहमीच्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, अशीही शिफारस केली. चार वर्षांनी मंत्रालयाचे म्हणणे असे पडले की, इथेनॉलची खरेदी किंमतच आता पेट्रोलपेक्षा चढी झाल्याने तसे करता येत नाही. ही अडचण आम्हाला समजते. पण ज्याला सवलत देता येत नाही, त्याने निदान तूट किती आहे हे तरी प्रामाणिकपणे मोजून सांगावे. दुधात पाणी किती हे सांगण्याची सक्ती आपण गवळ्यावर करतो. राष्ट्रहितासाठी पाणी घातले असले तरी मापाच्या भांड्यात फरक पडत नाही.

आणि त्यासाठी युरोपासारखी यंत्रणा गाड्यांत बसेपर्यंत थांबण्याची गरज नाही. सरकारी मोटारींना लॉगबुक ठेवण्याची पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली आहे. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, प्रत्येक वेळी भरलेले इंधन आणि खाली साहेबांची सही. जिल्हाधिकारी कचेऱ्यांपासून पोलिसांच्या मोटारसायकलींपर्यंत हजारो पेट्रोल वाहनांच्या या वह्या कपाटांत पडून आहेत. तीच गाडी, बहुधा तोच चालक, आणि तेच रस्ते. दहा टक्के इथेनॉलच्या काळातील पानेही त्यांत आहेत आणि वीस टक्क्यांच्या काळातीलही. एस.टी.च्या आगारांत तर डिझेलचा असा हिशेब गाडीगणिक आणि चालकागणिक रोज काढला जातो, तेव्हा तो काढणारी माणसे सरकारात नाहीत असेही म्हणता येत नाही. राज्य सरकारने आपल्या पेट्रोल वाहनांच्या २०२२ पासूनच्या लॉगबुकांची जिल्हावार बेरीज करावी, गाडीचे वय आणि बनावट लावून ती प्रसिद्ध करावी, आणि केंद्राने इतर राज्यांना तसे करावयास सांगावे. वेताळ टेकडीवरील तज्ज्ञांना ते आकडे तपासण्यास फार तर काही आठवडे लागतील.